पोत्यावरचं २८ टक्के आणि माशाच्या अंगी लागणारं प्रोटीन : पचनीयता कशी मोजतात?



येत्या सभेत हंगामाचं खाद्य कुणाकडून घ्यायचं ते आपल्याला ठरवायचं आहे. संस्थेकडे तीन दरपत्रकं आली आहेत. तिन्ही पोत्यांवर ‘क्रूड प्रोटीन २८ टक्के’ असंच छापलेलं आहे, दरात मात्र किलोमागे पाच-सहा रुपयांचा फरक पडतो. बऱ्याच सभासदांचं म्हणणं असं की प्रोटीन सारखंच आहे, मग स्वस्तातलं घ्या की! हा हिशेब अर्धाच आहे. पोत्यावरचा आकडा खाद्यात काय घातलंय ते सांगतो. त्यातलं माशाला पचणार किती, ते सांगत नाही. तळ्यात आणि पिंजऱ्यात सगळ्यात जास्त पैसा खाद्यावरच जातो, म्हणून सभेच्या आधी हा विषय नीट समजून घेऊ.

सगळं प्रोटीन सारखं पचत नाही

आधी आपल्याच ताटाचं उदाहरण घेऊ. जागतिक अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या १९८५ च्या अहवालात माणसाला कुठलं प्रोटीन किती पचतं याचे आकडे दिलेले आहेत. अंड्याचं ९७ टक्के, दुधाचं ९५, मांस-मासळीचं ९४, पांढऱ्या तांदळाचं ८८ आणि घेवड्याच्या जातीच्या कडधान्याचं ७८ टक्के. म्हणजे कडधान्यातलं १०० ग्रॅम प्रोटीन पोटात गेलं तर त्यातलं २२ ग्रॅम तसंच बाहेर पडतं. माशाचंही असंच आहे. फिशमील, सोयाबीन पेंड, शेंगदाणा पेंड, सरकी पेंड, कोंडा, पिसांची पूड, प्रत्येकाचं प्रोटीन वेगळं पचतं. कच्चा माल तोच असला तरी तो कसा शिजवला, कसा वाळवला, यावरही फरक पडतो.

पोत्यावरचा आकडा येतो कुठून?

डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला बिअर बनवणाऱ्या कार्ल्सबर्ग कारखान्याची प्रयोगशाळा होती. तिथल्या योहान केल्डाल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये एक पद्धत काढली. आजही जगभर खाद्याचं प्रोटीन बहुतेक ठिकाणी त्याच पद्धतीने किंवा तिच्याच तत्त्वावर मोजतात. नमुना तीव्र सल्फ्युरिक ॲसिडमध्ये उकळायचा, म्हणजे त्यातला नायट्रोजन अमोनियाच्या क्षारात येतो. मग अल्कली घालून अमोनिया वाफेवर बाहेर काढायचा आणि किती आला ते मोजायचं. प्रोटीनमध्ये सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून आलेल्या नायट्रोजनला ६.२५ ने गुणायचं. जो आकडा येतो तेच क्रूड प्रोटीन.

आता बघा, या पद्धतीत प्रोटीन कुणीच पाहिलं नाही. मोजला तो नायट्रोजन. तो मासळीतून आला, पिसातून आला की युरियातून, हे यंत्राला कळत नाही. शेतात टाकायच्या युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो. ४६ गुणिले ६.२५ म्हणजे २८७.५. याचा अर्थ १०० किलो खाद्यात फक्त १ किलो युरिया मिसळला तर कागदावर प्रोटीन जवळजवळ ३ टक्क्यांनी वाढतं. माशाच्या अंगावर त्यातून मांस चढत नाही.

ही निव्वळ शंका नाही. मेलामाइन नावाच्या रसायनात ६६ टक्के नायट्रोजन असतो. २००७ मध्ये चीनमधून अमेरिकेत गेलेल्या गव्हाच्या प्रोटीनमध्ये ते सापडलं आणि कुत्र्या-मांजरांचं खाद्य बाजारातून परत घ्यावं लागलं. २००८ मध्ये चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधाचा प्रोटीनचा आकडा वाढवायला तेच वापरलं गेलं. सरकारी आकड्यांप्रमाणे सुमारे ३ लाख बाळं आजारी पडली, ६ दगावली. दुधाची तपासणी होत होती, पण ती नायट्रोजनची होती.

पहिली परीक्षा : पेप्सिन चाचणी

आपल्या जठरात आंबट रस असतो. त्यातलं प्रोटीन तोडणारं एन्झाइम म्हणजे पेप्सिन. शाळेच्या पुस्तकात आपण एन्झाइमला विकर म्हणायचो. जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांनी १८३६ मध्ये पेप्सिन शोधलं. डुकराच्या जठरातून काढलेलं पेप्सिन आज पूड स्वरूपात विकत मिळतं. प्रयोगशाळेत या पुडीच्या मदतीने काचेच्या भांड्यात एक पोटच तयार करतात.

१) खाद्य किंवा फिशमील बारीक दळतात आणि त्यातली चरबी काढून टाकतात. चरबी राहिली तर रस कणांपर्यंत नीट पोचत नाही.

२) साधारण १ ग्रॅम नमुना सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये घेतात आणि त्यात ०.२ टक्के पेप्सिन घालतात.

३) ४५ अंश सेल्सिअसला १६ तास सतत हलवत ठेवतात.

४) मग गाळतात. पचलेलं प्रोटीन विरघळून खाली जातं, न पचलेला गाळ वर राहतो.

५) वरच्या गाळातला नायट्रोजन केल्डालच्याच पद्धतीने मोजतात.

हिशेब सोपा आहे. समजा १ ग्रॅम फिशमीलमध्ये ६०० मिलिग्रॅम प्रोटीन होतं आणि गाळात ६० मिलिग्रॅम उरलं. म्हणजे १० टक्के पचलं नाही, पेप्सिन पचनीयता ९० टक्के. दुसऱ्या नमुन्यातही ६०० होतं, पण गाळात २४० उरलं, तर पचनीयता ६० टक्के. पोत्यावर मात्र दोन्हीकडे ‘६० टक्के प्रोटीन’ असंच छापलेलं असणार.

ही चाचणी सगळ्यात जास्त कामाला येते ती पिसांसाठी. कोंबडीच्या पिसांत ८० टक्क्यांच्या वर प्रोटीन असतं, पण ते केराटिन, म्हणजे आपली नखं-केस ज्याचे बनतात ते. कच्चं पीस दळून घातलं तर पेप्सिन त्याला फारसं काही करू शकत नाही. दाबाखाली वाफेवर शिजवलं की त्याचे बांध सुटतात आणि ते पचायला लागतं. म्हणूनच अमेरिकेत पशुखाद्यात घालायच्या शिजवलेल्या पिसांच्या पुडीची व्याख्याच अशी केलेली आहे की तिच्यातलं किमान ७५ टक्के प्रोटीन पेप्सिन चाचणीत पचलं पाहिजे. पिसांची पूड वाईट असते असं नाही. ती शिजवली होती का, हे विचारायला पाहिजे.

रिपोर्टवर पेप्सिन किती टक्के वापरलं ते वाचा

०.२ टक्के पेप्सिन हा फार कडक रस आहे. १६ तासांत तो चांगलं फिशमीलही विरघळवतो आणि मध्यम प्रतीचंही. दोन्हींचा आकडा ९० च्या वर येतो आणि फरक कळत नाही. परीक्षेत पेपर फार सोपा काढला की हुशार आणि मध्यम पोरं सारखेच मार्क घेतात, तसं.

म्हणून फिशमीलच्या व्यवहारात एक अवघड पेपरही असतो. त्यात पेप्सिन ०.०००२ टक्के, म्हणजे हजारपट कमी असतं. स्कॉटलंडमधल्या टोरी संशोधन केंद्राच्या नावावरून तिला सुधारित टोरी पद्धत म्हणतात. फिशमील वाळवताना जास्त उष्णता लागून जळालं असेल, तर या चाचणीत त्याचा आकडा खाली येतो.

यातून आपण एकच गोष्ट लक्षात ठेवायची. एका पुरवठादाराने कडक पेप्सिनचा ९३ दाखवला आणि दुसऱ्याने पातळ पेप्सिनचा ८५, म्हणून पहिला चांगला ठरत नाही. पेप्सिनचं प्रमाण सारखं असेल तरच दोन रिपोर्ट शेजारी ठेवायचे.

आपल्या रोहू-कटल्याला पोटच नाही

आता आपल्या कामाची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस या कार्प जातीच्या माशांना जठर नसतं. मासा साफ करताना तुम्ही पाहिलंच असेल, घशापासून थेट लांबलचक आतडं सुरू होतं. जठर नाही म्हणून आंबट रस नाही आणि पेप्सिनही नाही. या माशांचं प्रोटीन आतड्यात ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन अशा एन्झाइमांनी पचतं, आणि ती ॲसिडमध्ये काम करत नाहीत. त्यांना उदासीन किंवा किंचित अल्कली सामू लागतो. पिंजऱ्यातल्या तिलापिया आणि पंगसला मात्र जठर असतं. तिलापियाच्या जठरातला रस तर फारच आंबट असतो.

म्हणजे पेप्सिनचा आकडा माल खरा-खोटा, कच्चा-जळका ओळखायला चांगला आहे. पण कार्पला खाद्य किती पचेल याचं ते थेट माप नाही. त्यासाठी आतड्यासारखी चाचणी लागते.

अशी एक पद्धत १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रोटीन पाण्यात कालवून ३७ अंशाला ठेवायचं आणि सामू बरोबर ८ करायचा. मग ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन आणि पेप्टिडेज ही तीन एन्झाइमं एकत्र घालायची आणि १० मिनिटं सामू बघत राहायचा. प्रोटीनची साखळी तुटत जाते तसं पाणी आंबट होत जातं. सामू जितका जास्त उतरला तितकं प्रोटीन पचायला सोपं. १६ तासांचं काम १० मिनिटांत होतं. मत्स्यसंशोधक पुढे जाऊन ज्या माशासाठी खाद्य करायचं त्याच माशाच्या आतड्यातून एन्झाइम काढून ही चाचणी करतात.

कच्च्या सोयाबीनचा धोका

आपल्या सीमाभागात सोयाबीन भरपूर पिकतं. काही सभासद खर्च वाचवायला घरचं सोयाबीन दळून कोंड्यात मिसळतात. कल्पना चांगली आहे, पण कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला अडवणारा घटक असतो. कार्पला पेप्सिन नाही, सगळी भिस्त ट्रिप्सिनवर, आणि आपण ट्रिप्सिनलाच कुलूप लावून खाद्य देतो. नीट उष्णता दिली की तो घटक निकामी होतो. उलट फार भाजून काळं केलं तर लायसिन नावाचं गरजेचं अमिनो आम्ल साखरेशी बांधलं जातं आणि माशाला मिळत नाही. तेव्हा दाणा आतपर्यंत शिजला पाहिजे, पण करपता कामा नये.

आणि हे लक्षात घ्या, कच्च्या सोयाबीनचा हा दोष पेप्सिन चाचणीत दिसत नाही, कारण तो घटक पेप्सिनला अडवत नाही. युरियाचंही तसंच. युरिया पाण्यात विरघळून गाळाबरोबर वर न राहता खाली जातो, म्हणून पेप्सिनचा आकडा युरिया घातलेल्या खाद्यात उलट बरा दिसतो. त्यामुळे युरियाची तपासणी वेगळी मागायची.

शेवटची परीक्षा : जिवंत मासा

काचेच्या भांड्यातल्या चाचण्या लवकर होतात, खर्चही कमी येतो. पण अखेरचा निकाल माशाचा. संशोधन केंद्रात त्यासाठी क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पूड वापरतात. ती माशाला पचत नाही, जशी खाल्ली तशी बाहेर पडते. म्हणून ती हिशेबाला खूण म्हणून चालते.

समजा सुक्या खाद्यात १ टक्का हिरवी पूड आणि २८ टक्के प्रोटीन आहे. माशाची विष्ठा गोळा करून वाळवली तर तिच्यात पूड ३ टक्के आणि प्रोटीन १४ टक्के निघालं. पूड तिप्पट दाट झाली, म्हणजे ३ किलो खाद्याची १ किलो विष्ठा झाली. ३ किलो खाद्यात ८४० ग्रॅम प्रोटीन होतं, १ किलो विष्ठेत १४० ग्रॅम उरलं. अंगी लागलं ७०० ग्रॅम. ८४० पैकी ७०० म्हणजे ८३ टक्के.

अडचण एकच, माशाची विष्ठा पाण्यात पडते आणि विरघळायला लागते. विरघळलेलं प्रोटीन मोजणीतून सुटतं आणि आकडा उगाच चांगला दिसतो. म्हणून १९७० च्या दशकात कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात टाकीच्या खाली उभी नळी बसवून विष्ठा लगेच खाली बसेल अशी सोय केली. हे काम संशोधन केंद्राचं आहे. आपल्या तळ्यात कुणी ही पूड टाकून प्रयोग करू नये.

आता आपल्या पैशाचा हिशेब

हिशेब समजण्यापुरते दोन काल्पनिक आकडे घेऊ. खाद्य ‘अ’ ४२ रुपये किलो, प्रोटीन २८ टक्के, पचनीयता ८५ टक्के. खाद्य ‘ब’ ३६ रुपये किलो, प्रोटीन २८ टक्के, पचनीयता ६५ टक्के.

‘अ’ च्या १ किलोत २८० ग्रॅमचे ८५ टक्के, म्हणजे २३८ ग्रॅम प्रोटीन पचतं. ‘ब’ मध्ये १८२ ग्रॅम पचतं.

पचणारं १ किलो प्रोटीन ‘अ’ मधून घ्यायला सुमारे १७६ रुपये पडतात. ‘ब’ मधून सुमारे १९८ रुपये.

किलोमागे ६ रुपये वाचले असं वाटलं, प्रत्यक्षात माशाच्या अंगी लागणाऱ्या प्रत्येक किलो प्रोटीनमागे सुमारे २१ रुपये जास्त गेले.

आणि जे पचलं नाही ते जातं कुठे? पाण्यात. १ टन ‘अ’ मधून ४२ किलो न पचलेलं प्रोटीन तळाला जातं, १ टन ‘ब’ मधून ९८ किलो. ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं आणि अमोनिया सोडतं. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडायला लागले की आपण ढगाळ हवेला दोष देतो. हवा कारण असतेच, पण तळाला साठलेलं खाद्यही तितकंच कारण असतं. पिंजऱ्याच्या खाली तर रोज तिथेच साठत जातं, आणि जलाशयाचं पाणी सगळ्या गावाचं आहे.

नमुना कसा पाठवायचा

एका पोत्यातून वरची मूठ उचलून पाठवली तर रिपोर्टला अर्थ नाही. एकाच बॅच नंबरच्या निदान आठ-दहा पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून थोडं थोडं घ्या. स्वच्छ कागदावर ढीग करून मिसळा. ढिगाचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन बाजूला काढा. अर्धा किलोच्या आसपास उरेपर्यंत असंच करा. त्याचे दोन भाग हवाबंद पिशवीत भरा. एक प्रयोगशाळेला, दुसरा पुरवठादाराच्या माणसासमोर सही-शिक्क्यासह संस्थेत ठेवायचा. उद्या वाद झाला तर तोच आपला पुरावा.

तपासणी एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतच करावी. नमुना पाठवण्याआधी दर काय, नमुना किती लागतो आणि पेप्सिन चाचणी तिथे होते का, हे विचारून घ्यावं. खाद्याबद्दल सल्ला हवा असेल तर मंगळूरचं मत्स्य महाविद्यालय किंवा भुवनेश्वरची केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्था ही आपली सरकारी ठिकाणं आहेत.

पुरवठादाराला विचारायचे पाच प्रश्न

१) क्रूड प्रोटीनबरोबर पेप्सिन पचनीयतेचा रिपोर्ट आहे का? पेप्सिन किती टक्के वापरलं? रिपोर्ट याच बॅचचा आहे का?

२) प्रोटीन कशातून आलं? फिशमील, सोयाबीन पेंड, सरकी पेंड, पिसांची पूड, कशाचं प्रमाण किती?

३) युरियाची वेगळी तपासणी केली आहे का?

४) ॲसिडमध्ये न विरघळणारी राख किती? हा आकडा म्हणजे वाळू-माती. तो जास्त असेल तर आपण मातीचे पैसे देतोय.

५) खाद्य कार्पसाठी आहे की पंगस-तिलापियासाठी? एकच पोतं दोघांना चालतं असं सांगितलं तर कशाच्या आधारावर, ते विचारा.

तिन्ही पुरवठादारांना हे प्रश्न संस्थेकडून लेखी पाठवत आहोत. जी उत्तरं येतील ती सभेत जशीच्या तशी वाचून दाखवू. सभेत संचालक मंडळाचा ठराव असा राहील : खाद्याची तुलना किलोच्या दरावर न करता पचणाऱ्या प्रोटीनच्या दरावर करायची, आणि पहिल्या गाडीतला नमुना तपासून आल्याशिवाय पुढची ऑर्डर द्यायची नाही. तपासणीचा खर्च संस्था करेल. शे-दोनशे पोत्यांवर वाटला तर तो पोत्यामागे फार पडत नाही.

ठरावावर मत देणं तुमच्या हातात आहे. ज्यांना हिशेब पटला नसेल त्यांनी मागच्या हंगामाच्या खाद्याच्या पावत्या आणि निघालेल्या माशाचं वजन घेऊन सभेला यावं. सगळ्यांसमोर तोच हिशेब मांडू. आणि ज्या घरी मोबाईल नाही, तिथे हा पाठ शेजाऱ्यांनी वाचून दाखवावा ही विनंती.

आपले,
सचिव व संचालक मंडळ